पुरणपोळी सोडायची नाहीये, वजन मात्र उतरवायचंय

“पुरणपोळी सोडा म्हणणार असाल, तर आत्ताच सांगा. मी पुढच्या वेळी येत नाही.”

आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) वजन ७४ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० च्या आत असावी असं मानतात. थायरॉइडची तपासणी नॉर्मल, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.९ टक्के, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं, कसं ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

ताईंनी आधी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा खाकरा, सूप आणि रोज सकाळी दुधीचा रस. महिन्यात ४ किलो उतरले, गौरी-गणपतीत डाएट मोडलं आणि दिवाळीपर्यंत ५ किलो परत आले. (दुधीच्या रसाबद्दल जाता जाता: दुधी चवीला कडू लागला तर तो रस अजिबात पिऊ नये, तो विषारी असू शकतो.) दुसऱ्यांदा भात, साखर, बटाटा आणि तळण बंद. तेही तीन आठवडे टिकलं. दोन्ही वेळा शेवट एकसारखा होता. सणाला एक मोदक खाल्ला, “आता मोडलंच आहे” म्हणत आणखी चार, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच सोडून दिलं.

प्रश्न नेहमीचाच आहे, आवडीचं खाऊन वजन उतरतं का? उतरतं. पण त्याआधी एक हिशेब मांडावा लागतो आणि तो बहुतेकांना अनपेक्षित असतो. वजन ज्यामुळे वाढतं ते पदार्थ आणि आपल्या जिवाभावाचे पदार्थ यांची यादी सहसा वेगवेगळी निघते.

पहिल्या आठवड्यात ताईंना काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त लिहायचं होतं: काय, किती, किती वाजता, बसून की उभ्याने. माप घरचंच, १५० मिलीची वाटी आणि चहाचा चमचा. घरात चार माणसांना महिन्याला किती तेल लागतं तेही विचारलं. उत्तर आलं, “५ लिटरचा डबा, महिनाभर पुरतो.”

५ लिटर भागिले चार माणसं भागिले तीस दिवस म्हणजे माणशी रोज जवळपास ४२ मिली तेल. त्याच्या साधारण ३४० कॅलरी होतात. घरात तळण रोज नव्हतं. तेल जात होतं फोडणीच्या पळीतून. ताई कढईत पळीनेच तेल घालत, आणि त्यांची पळी मोजली तर ३० मिलीची निघाली.

आठवड्याच्या वहीत आणखी तीन गोष्टी सापडल्या. चहा दिवसातून चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, इथे नुसत्या चहानेच मर्यादा ओलांडली होती. दुसरं, मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी-पाऊण पोळी, “टाकायची कशी?” म्हणून आठवड्यातून पाच दिवस ती ताईंच्याच पोटात. तिसरं, संध्याकाळी साडेसहाला ओट्याशी उभं राहून फरसाणाच्या डब्यात हात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दीड-दोन मुठी, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, दोनशेच्या वर कॅलरी. वहीत त्यापुढे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, “चव आठवत नाही.”

मग आवडत्या पदार्थांची यादी करायला सांगितली. २३ पदार्थ निघाले. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा होता: हा वर्षभर मिळाला नाही तर खरंच चुकल्यासारखं वाटेल का? पाच उरले: पुरणपोळी, उकडीचे मोदक, वडापाव, साबुदाण्याची खिचडी आणि तुपातली बटाट्याची भाजी. फरसाण, खारी, बिस्किटं, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक यांतलं एकही त्या पाचांत नव्हतं. ते समोर होतं म्हणून खाल्लं जात होतं.

त्यामुळे पहिल्या महिन्यात या पाचांत काहीच कमी करायचं नाही असं ठरलं. कापायचं ते बाकीच्यातून.

तेलासाठी एक बाटली घेतली. चार माणसांचं रोजचं २५ मिलीप्रमाणे १०० मिली होतं, तेवढंच सकाळी बाटलीत भरायचं. फोडणी, पोळीला लावायचं, परतायचं, सगळं त्यातूनच. तीस दिवसांचे ३ लिटर. पहिले चार दिवस संध्याकाळी बाटली रिकामी आणि भाजी तळाला लागलेली, असं झालं. कमी तेलात भाजी लागते ती आच मोठी असल्यामुळे. फोडणी झाली की भाजी घालून आच मंद करायची, झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवायचं आणि वाफेवर शिजू द्यायची. वांग्याची भाजी मात्र तेल पितेच. तिच्यासाठी वांगी आधी पाच मिनिटं वाफवून घ्यायची. दाण्याच्या कुटाचंही तसंच. एक मोठा चमचा कूट म्हणजे ५० कॅलरींच्या आसपास. ताई डावभर घालत. कूट बंद केलं नाही, चारजणांच्या भाजीला दोन चमचे ठरवलं.

चहा तीन कप आणि प्रत्येकात साखर एक चमचा. एकदम नाही, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत. परत आलेली पोळी दुसऱ्या दिवशी फोडणीच्या पोळीत, आणि मुलाच्या डब्यात मुळातच अर्धी पोळी कमी.

नुसतं “खाऊ नका” म्हणून फरसाण सुटलं नसतं, कारण ती भूक खरी होती. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी एक वाजता दोन पोळ्या आणि भाजी. त्या जेवणात प्रथिनं दहा ग्रॅमही नव्हती. साडेपाच तासांनी हात डब्यात जाणारच. ताईंच्या बांध्याला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरेशी होती, वहीत ती ४० सुद्धा भरत नव्हती. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.) म्हणून नाश्त्याला दोन अंडी किंवा मुगाची दोन धिरडी, डब्यात मटकीची किंवा मुगाची एक वाटी घट्ट उसळ, सोबत दही, आणि साडेपाचला, घरी पोचल्यावर लगेच, ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. फुटाण्यांच्या ११० कॅलरी होतात आणि चावायला वेळ लागतो, हे त्यांचं मोठं काम. फरसाणाचा डबा माळ्यावर गेला. ताई म्हणाल्या, “स्टूल घेऊन चढायचा कंटाळा येतो, तेवढ्यात कुकर होतो.”

बेरीज केली तर तेलातून १४०, साखरेतून १००, संध्याकाळच्या खाण्यातून निदान ५०, उरलेल्या पोळीतून ५०. साडेतीनशेच्या आसपास कॅलरी रोज कमी झाल्या आणि पुरणपोळीचा विषयही निघाला नव्हता.

जेवणात पोळीऐवजी भाकरी करू का, असं त्यांनी विचारलं. अनेकांना वाटतं की भाकरीने वजन उतरतं. ज्वारी घ्या, बाजरी घ्या की गहू, १०० ग्रॅम पिठाच्या कॅलरी ३३० ते ३६० च्याच घरात असतात. फुलक्याला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला ६०. म्हणजे एक भाकरी बरोबर दोन फुलके. भाकरीने पोट भरल्यासारखं वाटतं आणि ती तेलाशिवाय होते, हे तिचे फायदे. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी खाल्ल्या तर वजन वाढेल.

आता वडापाव. दर गुरुवारी शाळेतून येताना नाक्यावरचा वडापाव ही ताईंची जुनी सवय. आधी काय व्हायचं? भुकेने कासावीस होऊन दोन खायच्या, घरी आल्यावर अपराधी वाटून जेवण टाळायच्या आणि रात्री साडेदहाला पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करायच्या, कधी दोन. नुकसान वडापावाने कमी आणि नंतरच्या उपाशी राहण्याने जास्त होत होतं. नवीन पद्धत अशी: गुरुवारी एक वडापाव, गरम, लसणाच्या चटणीसकट, पिशवी खाली ठेवून. साधारण ३०० कॅलरी. त्या दिवशी फुटाणे-पेरू नाही. रात्री एक फुलका, वाटीभर घट्ट वरण, भरपूर कोशिंबीर. जेवण टाळायचं नाही, हा नियम सगळ्यात कडक.

पुरणपोळीचा हिशेबही पाटीवर मांडला. पाव किलो डाळ आणि पाव किलो गुळात ताईंच्या आठ पोळ्या होतात. एकीत डाळ-गूळ ३१-३१ ग्रॅम, कणीक २५ ग्रॅम, म्हणजे तुपाशिवाय ३०० ते ३२०. वर चहाचा चमचाभर तूप घातलं तर आणखी ४५. आधी ताई सणाला तीन पोळ्या, प्रत्येकीवर धार धरून तूप, शिवाय भात, भजी, कुरडई असं जेवत. ठरलं ते असं: आधी कटाची आमटी आणि कोशिंबीर, मग एक पोळी तव्यावरून थेट ताटात, चमचाभर तुपासह. पंधरा मिनिटं थांबून हवी असेल तर दुसरी. भात आणि भजी त्या दिवशी नाही. नागपंचमीच्या पुरणाच्या दिंडांनाही हाच नियम लावला.

अडचण आली ती श्रावणी सोमवारांत. “उपास आहे, म्हणजे कमीच खाल्लं,” असं धरून ताईंनी त्या दिवशी वही लिहिलीच नव्हती. पण एकादशी अन् दुप्पट खाशी! त्यांच्या ताटातल्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, मोठा चमचाभर तूप आणि बटाटा होता: साडेपाचशेच्या वर कॅलरी, त्यांच्या रोजच्या डब्यापेक्षा जास्त. साबुदाण्यात जवळपास नुसतं पिष्ट असतं, त्यामुळे तीन तासांत पुन्हा भूक आणि मग राजगिऱ्याचा लाडू. उपास मोडायचा नव्हता आणि खिचडी तर पाचांतली. म्हणून ती अर्ध्या मापाने, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि ताक, रात्री उपास सोडताना मुगाची खिचडी आणि कढी.

पहिल्या सहा आठवड्यांत वजन ७१.४ झालं. सुरुवातीला भराभर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, हे आधीच सांगितलं होतं. काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वर दिसू शकतं, म्हणून तुलना महिन्याच्या त्याच टप्प्याशी करायची.

नंतर तीन आठवडे काटा हललाच नाही. गणपती येऊन गेले होते. मोदकांनी वाट लावली, असा ताईंचा तर्क. मोदक मोजले तर पाच दिवसांत एकूण सात, त्यावर तूप चमचाभरच. तेवढ्याने तीन आठवडे अडत नाहीत. पुन्हा आठवडाभर लिहिल्यावर दिसलं की पाहुण्यांच्या गडबडीत मापाची बाटली मागे पडून पळी परत आली होती, आणि नैवेद्याला चव बघता येत नाही म्हणून नैवेद्य दाखवून झाल्यावर प्रत्येक भांड्यातून चमचा चमचा. बाटली पुन्हा ओट्यावर आली. ताई चालायला जातच होत्या, त्याला त्याच वेळी आठवड्यातून दोन दिवस व्यायामाची जोड दिली: खुर्चीत बसणं-उठणं दहा-दहाचे तीन फेर, भिंतीला हात टेकून जोर तेवढेच. स्नायू टिकवायला हे लागतं. अर्धा तास चालून १२० कॅलरींच्या आसपासच खर्च होतात. “आज चालले, आता एक सामोसा” हा सौदा तोट्याचा.

सासूबाईंचा आग्रह हा वेगळा धडा होता. “अगं, सणाचं एवढं तरी घे!” याला “नको” म्हटलं की वाद. त्याऐवजी पहिल्या वाढणीला अर्धं घ्यायचं आणि आग्रह झाला की उरलेलं अर्धं. सासूबाई खूश, माप तेच. दिवाळीत नाश्त्याऐवजी फराळ: एक बेसनाचा लाडू, दोन चकल्या, वाटीभर पातळ पोह्यांचा चिवडा, बशीत घेऊन, बसून. बाकीच्या वेळी डबे बंद आणि शेजारीपाजारी वाटप पहिल्याच दोन दिवसांत.

सगळ्यांना ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर बाईने वजन उतरवायला घेऊ नये, अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि लपून खूप खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं असं होत असेल तर वही-वाटी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

जूनमध्ये सुरू झालेलं हे डिसेंबरात ६८.३ वर आलं. कंबर ८७. सहा महिन्यांत ५.७ किलो, खाकऱ्याच्या महिन्यापेक्षा फार मोठा आकडा नाही. पण मधे श्रावण, गणपती, नवरात्र आणि दिवाळी होऊन गेली होती. साखरेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

शेवटच्या भेटीत ताई वही उघडून बसल्या. संक्रांत जवळ आली होती. गूळपोळी सहावी म्हणून यादीत घ्यायची होती. घेतली. एक, तुपाच्या एका चमच्यासह, त्या दिवशी भात नाही, आणि हळदीकुंकवाला मिळालेल्या तिळाच्या वड्या घरी आणून डब्यात, रोज एक.