ली व्हॅन क्लीफला चाळिशीत चान्स मिळाला, मग मी नोकरी सोडू का?

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. वय ३८, पतसंस्थेत अकाउंटंट, घराचे हप्ते चालू, मुलगी पहिलीत, हौशी नाटकात बारीकसारीक रोल, आणि दिग्दर्शक म्हणतो तुझ्या चेहऱ्याला मेन रोल शोभत नाही. वर तू लिहितोस की मावशी, हॉलिवूडचा नट ली व्हॅन क्लीफ पण आधी अकाउंटंटच होता, त्यालाही चाळिशीत खरा चान्स मिळाला, तर राजीनामा टाकून मुंबई गाठू का, बायकोला अजून काही बोललो नाहीये.

तो नट माझाही फार लाडका आहे म्हणून सांगते, तू त्याची गोष्ट थेट १९६५ पासून धरलीयस. १९५२ चा 'हाय नून' परत बघ. पिक्चर सुरू होतो तोच त्याच्यावर, दगडावर बसून सिगारेट ओढत साथीदारांची वाट बघतोय, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये त्याला एक डायलॉग नाही. आधी मोठा रोल देत होते पण नाक नीट करून घे म्हणाले आणि तो नाही म्हणाला, असं सांगतात. मग वर्षानुवर्षं टोळीतला एक गुंड, हिरोच्या गोळीने मरायचं एवढंच काम. १९५८ ला गाडीचा अपघात झाला, गुडघा पार गेला, घोड्यावर परत बसता येईल का हीच शंका, आणि वेस्टर्न म्हणजे काउबॉयच्या पिक्चरवाल्याला घोड्याशिवाय कोण विचारतो? पुढे कामं आटली तेव्हा चित्रं काढून पैसे मिळवायचा, फोनचं बिल भरायचीसुद्धा मारामार होती. अशात इटलीचा दिग्दर्शक सर्जिओ लिओने आला आणि त्याला कर्नल मॉर्टिमर केलं, १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या बरोबरीने उभं केलं, तेही त्याच नाकासकट आणि त्याच बारीक डोळ्यांसकट! त्यामुळे चेहऱ्याचं ते बोलणं तू मनावर घेऊच नकोस.

पण नोकरीचं वेगळं आहे बघ. लिओने आला तेव्हा व्हॅन क्लीफकडे तेरा वर्षांचं कॅमेऱ्यासमोरचं काम होतं, तुझं एकही नाही. आणि सुरुवात त्यानेही न्यू जर्सीत हौशी नाटकांतूनच केली, मग 'मिस्टर रॉबर्ट्स' नाटकाच्या दौऱ्यात त्याला पिक्चरवाल्यांनी हेरलं. तुझा तो दौरा अजून व्हायचाय. सुट्टीच्या दिवशी ऑडिशन दे, मुका रोल मिळाला तरी घे, वर्षभर असं करून बघ आणि तेवढ्यात सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाक, मग राजीनाम्याचं बोलू.

मला खरी काळजी वाटली ती बायकोला न सांगण्याची. हप्ते तीही भरते असं तूच लिहिलंयस, तिचा पगार गृहीत धरून तिच्या मागे ठरवणं बरोबर नाही रे. या रविवारी पोरगी झोपल्यावर बस तिच्यासोबत, आकडे कागदावर मांड, आणि ती चिडली तर मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घे. काय म्हणाली ते मला कळव.

— मावशी