नासर्डीच्या काठाने

अगं,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि माझी झोप गेली. तू शाळेतल्या मुलांना आपल्या नाशकातल्या नासर्डी नदीच्या काठाने चालवतेस, तर मुख्याध्यापक म्हणतात नाल्यावर कसली सहल, त्यापेक्षा वृक्षदिंडी काढा. पालकांच्या ग्रुपवर चिखलाने माखलेल्या बुटांचे फोटो. मग हा उपक्रम बंद करू का, की नोकरीच सोडून पुण्याला एखाद्या संस्थेत जाऊ? एका दमात तीन प्रश्न. दहावीतही तुझं असंच असायचं.

पुण्याला जायचं तर जा, मी आडवी येणार नाही. पण जिथे असशील तिथे मुलांना पाण्यामागे चालव. बाकी सगळं वाटाघाटीचं आहे, एवढं सोडून.

पर्यावरण शाळेत सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. पुढे विषय आला, वही आली, वहीवर शेरा आला. वीस-बावीस वर्षं मी 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' तपासत राहिले. यमुनेचा फेस, गंगेचे घाट, सगळं कात्रीने कापून डिंकाने चिकटवलेलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून ओहोळ वाहायचा, त्याचा फोटो एकाही वहीत आला नाही. मीही कधी मागितला नाही. वास यायचा म्हणून भिंत उंच केली. नंतर तो ओहोळ पाइपात घातला, त्या दिवशी मी आठवीला नदीप्रणाली शिकवत होते. तारीख आठवत नाही, धडा आठवतो.

आणि हे तुला कधी सांगितलं नाही. आम्ही १९९८ मध्ये फ्लॅट घेतला तो नासर्डीच्या काठी. सप्टेंबर २००८ च्या पुरात पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, ह्यांची स्कूटर दोन दिवस चिखलात. त्यानंतर पूररेषांची चर्चा सुरू झाली. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. आमची इमारत निळीच्या आत निघाली. भूगोलाची बाई मी, आणि घर घेताना ओट्याची उंची बघितली, जमिनीचा उतार बघितला नाही. आता म्हणशील, बाई, तुम्हाला बोलायचा काय अधिकार? अगं, शिक्षकाच्या पगारात तेव्हा दुसरीकडे कुठे मिळत होतं? शहर फुगत होतं. २००१ च्या जनगणनेत १०.७७ लाख, २०११ मध्ये १४.८६ लाख. एवढी माणसं कुठेतरी राहणारच, त्यात आम्ही दोघं. पण लहानपणी कुणी मला त्या काठाने एकदा चालवलं असतं, तर सही करताना हात थबकला असता. एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून सांगते, चालव.

अख्खी नदी नको, एक किलोमीटर पुरे. पावसाळ्यात अजिबात नाही. पालकांची चिखलाची तक्रार हसण्यावारी नेऊ नकोस, त्यांच्यातल्याच दोघांना सोबत घे, परत आल्यावर तेच ग्रुपवर बोलतील. मुलांनी पाइप मोजावेत. कुठला कोरडा, कुठला वाहता, पाण्याचा रंग कसा, एवढं वहीत. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, इथे कधी पोहलात का. सरकारदरबारी तिला नंदिनी म्हणतात, लोक अजून नासर्डीच म्हणतात. दोन्ही नावं लिहू दे.

मग शेवट दाखव. टाकळीला ती गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तप केलं, नदीच्या पाण्यात उभं राहून जप करायचे म्हणतात. आज मुलांना त्या पाण्यात पाय घालायला सांगून बघ, स्वतः काय उत्तर देतात ते ऐक. आणि तिथून पुढे? नांदूर मधमेश्वर, गोदावरीवरचं पक्षी अभयारण्य. २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून शाळा बस करून पक्षी दाखवायला नेतात. नळाला येणारं पाणी गंगापूर धरणाचं, मोरीतून गेलेलं शेवटी त्या पक्ष्यांच्या पायाशी, हे बसमध्ये बसून कसं कळणार? चालल्याशिवाय कळत नाही गं.

वृक्षदिंडीला माझा विरोध नाही. २०२५ च्या अखेरीला साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक उभे राहिले, तेव्हा गुडघे दुखत असताना मीही एक दिवस जाऊन आले. पण मुख्याध्यापकांना झाड का आवडतं ते ओळख. झाडाबरोबर फोटो छान येतो आणि झाड कुणाला प्रश्न विचारत नाही. नाला विचारतो. कुणाचा पाइप आहे हा?

त्यांच्याशी वाद घालू नकोस. मी घालायचे, बदली झाली आणि ओहोळ पाइपात गेला तो गेलाच. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे ना? अर्जात तेच लिही, 'क्षेत्रभेट' लिही, आणि नाल्याऐवजी नदी लिही. खोटं नाही ते.

रविवारी आधी आपण दोघी जाऊन येऊ. सकाळी साडेसहाला उंटवाडीच्या पुलावर थांबते. चपला घालून येऊ नकोस, काठावर काचा असतात. आणि थर्मासमध्ये चहा आण, माझा बिनसाखरेचा.

तुझी,
बाई