तुमचे प्रश्न : कार्ल्याचं छत ढकलत का नाही?

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहाचं छत आणि युरोपातल्या रोमनेस्क (साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीच्या) चर्चचं छत, दोन्ही आडव्या पिंपाच्या अर्ध्या भागासारखी. मग चर्चच्याच भिंती एवढ्या जाड आणि खिडक्या एवढ्याशा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कार्ल्याचं छत बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. कातळ अखंड, त्यामुळे ते कुणाला ढकलत नाही. छताखाली दिसणाऱ्या लाकडी बरगड्याही भार पेलत नाहीत. चर्चचं छत सुट्या दगडांचं. दगड शेजारच्या दगडाला रेटतो आणि तो रेटा भिंतीच्या माथ्याला बाहेर ढकलतो, तोही भिंतीच्या पूर्ण लांबीवर सलग. मोठी खिडकी पाडली, की तिथली भिंत कमजोर होते. भिंती जरा फाकल्या, की छताला माथ्यावर खालून चीर पडते आणि खांद्यांना (माथा आणि पायथा यांच्या मधल्या भागांना) वरून. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाच्या तिसऱ्या चर्चचं बांधकाम १०८८मध्ये सुरू झालं, छत सुमारे ३० मीटर उंच. ११२५मध्ये त्याचा काही भाग कोसळला.

फ्रान्समध्येच वेझले गावच्या चर्चमध्ये अशी दोन छतं काटकोनात छेदून भार चार कोपऱ्यांवर आणला. उजेड आला, पण भिंती कलल्याच. पुढे बाहेरून टेकू द्यावे लागले. तिथल्याच तूर्न्यू गावच्या चर्चमध्ये पिंपं लांबीत न ठेवता दालनाच्या रुंदीत, एकाला एक लागून बसवली, म्हणजे शेजारीच एकमेकांचा रेटा अडवतात आणि टोकांना खिडक्या मिळतात. आमच्या मते सगळ्यात हुशार तोड हीच. ती फारशी कुणी उचलली नाही, कारण मधलं दालन तुकड्यातुकड्यांचं दिसतं.

प्रश्न : मॉडेलसाठी २० सेंमी त्रिज्येची अर्धगोल कमान केली. लाकडी ठोकळे १५ मिमी जाड, गोंद नाही. साचा काढला की पडते.
– आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : जाडी कमी पडते. बिनगोंदाची अर्धगोल कमान नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी राहायला जाडी मध्य-त्रिज्येच्या (केंद्रापासून ठोकळ्याच्या जाडीच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या) किमान ०.१०७ पट लागते, म्हणजे इथे साडेएकवीस मिमी. ठोकळे कधीच तंतोतंत बसत नाहीत, म्हणून ३० घ्या. १५च हवी असेल, तर दोन्ही खांद्यांमागे निम्म्या उंचीपर्यंत न सरकणारा भराव द्या. पडताना कमान तिथेच बाहेर फुगते. पायथ्याचे ठोकळे प्लायवूडवर पट्टी ठोकून अडवा. साचा उलटसुलट पाचरींच्या जोड्यांवर ठेवा आणि दोन्हीकडच्या पाचरी एकाच वेळी, मिलिमीटरभरच सैल करत जा. एकीकडून ओढलात, तर तो तिरका उतरतो. उतरवताना माथ्याच्या सांध्यात खालून पोस्टकार्ड शिरू लागलं, तर थांबा : पायथा सरकतोय.