जुनी मियाटा: कोणतं वर्ष धरावं, कोणतं सोडावं

माझदाची जुनी एमएक्स-५, म्हणजे मियाटा ही दोन सीटांची, कापडी टप उघडणारी गाडी, घ्यायची आहे, बजेट पहिल्या दोन पिढ्यांपुरतंच आहे आणि '१९९०-९१ च्या गाड्यांचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट) जातो' असं ऐकलंय, मग नेमकं वर्ष कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो. पहिल्या पिढीत १९९४ ते १९९७, दुसऱ्या पिढीत २००१ ते २००५. दोन्हींतून एकच उचलायची तर मी २००१ नंतरची उचलेन, पण पत्रा शाबूत असेल तरच. गंज हा या गाडीत इंजिनापेक्षा मोठा शत्रू आहे, त्यावर खाली येतोच.

क्रँकचं जे ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धंच. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदलताना पुलीचा मोठा बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुलीला दांड्यावर धरून ठेवणारी लोखंडी चावी आपल्या खाचेत हलायला लागते, खाच रुंदावत जाते, हा ताल सरकतो आणि गाडी दम टाकते. १९९१ च्या मध्याच्या आसपास माझदाने हे टोक जाड-लांब केलं. त्यामुळे कागदावर '१९९१' लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कळत नाही. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असलेल्या क्रँक पुलीच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर सुधारलेलं. चार निघाल्या म्हणून लगेच पळ काढू नका. इंजिन चालू करून पुलीकडे बघा. डुगडुगत फिरत असेल तर नमस्कार करून निघा. सरळ फिरत असेल आणि बेल्टचं काम जाणत्या माणसाने केलेलं असेल, तर तीस वर्षं टिकलेला क्रँक उद्याच दगा देईल असं काही नाही.

१९९४ ला १.८ लिटर इंजिन आलं. अमेरिकन मॉडेलची ताकद ११६ वरून १२८ हॉर्सपॉवरवर गेली, पण मला महत्त्वाचा वाटतो तो मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारा गिअर, कारण १.६ चा नाजूक होता आणि हा दणकट आहे. ब्रेकही मोठे झाले. युरोपात १९९५ पासून कमी ताकदीची १.६ पुन्हा विकायला आली. तिच्यात आखूड क्रँकची भानगड नाही, फक्त जोर कमी.

दुसऱ्या पिढीच्या १९९९ आणि २००० च्या गाड्यांत दुखणं वेगळं आहे आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. काही गाड्यांचं थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग) झिजतं, म्हणजे क्रँक आपल्या जागेवर पुढे-मागे सरकायला लागतो. २००१ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांतही हे दिसलंय. तपासायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने पुलीच्या बोल्टवर नजर ठेवायची. बोल्ट डोळ्यांना दिसेल इतका पुढे येत असेल तर ते इंजिन संपल्यात जमा. मालक किंमत उतरवायला तयार झाला तरी नको.

२००१ पासून व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणारी सोय, आली. त्या वर्षी माझदाने अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर सांगून टाकले, मग १४२ वर यावं लागलं आणि नाराज ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारीही दाखवावी लागली. जाहिरातीत कोणी अजून १५५ लिहीत असेल तर हसून सोडा, गाडी उत्तमच आहे.

आता गंज. कापडी हुडाच्या मागच्या बाजूला, सीटबेल्टच्या मनोऱ्यांजवळ, पाणी निघून जायला दोन भोकं असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पत्र्यात उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढ्यात आतून खायला लागतं. बाहेरून रंग झकास दिसतो! लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. दुसऱ्या पिढीत पुढचे चेसी रेल, म्हणजे गाडीखालच्या लांब आधाराच्या पट्ट्या, तेही बघा. ते दुहेरी पत्र्याचे आहेत आणि बर्फावर मीठ टाकणाऱ्या देशांत मधल्या फटीतून कुजतात. गाडी लिफ्टवर चढवू देत नसेल तर त्या विक्रेत्याशी बोलणंच थांबवा.

बाकीची दुखणी किरकोळ. पहिल्या पिढीत इंजिन टिकटिक करतं ते हायड्रॉलिक लिफ्टरमुळे (व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे छोटे भाग), आणि बहुतेक वेळा चांगल्या ऑइलने शांत होतं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती हिरवट-तपकिरी झाली असेल तर फुटायच्या बेतात आहे, बदला. इंजिनाच्या मागून तेल गळताना दिसलं आणि कोणी 'गिअरबॉक्स उतरवून सील बदलावं लागेल' म्हणालं, तर आधी इंजिनाच्या मागच्या बाजूला असलेल्या कॅम अँगल सेन्सरची छोटी ओ-रिंग (रबरी कडी) बदलून घ्या. पहिल्या पिढीत गुन्हेगार बऱ्याचदा तीच असते.

आणि नंतर टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) लावलेली कोणतीही गाडी या वर्षांच्या हिशेबात धरू नका. तिथे ट्यूनिंग कोणी केलं, एवढंच विचारायचं.