नोकरी टिकेल की नाही या धास्तीने छातीत धडधडते, काय करावे?

कपातीची कुणकुण लागल्यापासून सकाळच्या लोकलमध्येच छातीत धडधड सुरू होते, असे आपण लिहिले आहे. एकदा डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. ते ठीक असेल तर ही धडधड म्हणजे धोक्याच्या चाहुलीने शरीरात स्रवणारे अ‍ॅड्रेनालिन आहे, आपला दुबळेपणा नव्हे. अशा वेळी चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सोडावा, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. दादर ते अंधेरी एवढ्या प्रवासात, गर्दीत उभे राहूनही हे जमते.

मला स्वतःला सर्वाधिक उपयोग झाला तो काळजीला वेळ नेमून देण्याचा. संध्याकाळी वीस मिनिटे वही घेऊन बसावे, ज्यांवर काही करता येईल अशा गोष्टी (तीन महिन्यांचा घरखर्च, कर्जाचा हप्ता, नवे अर्ज) लिहून काढाव्यात आणि दिवसभर डोक्यात येणारे बाकीचे विचार त्या वेळेपर्यंत पुढे ढकलावेत. दुपारनंतरचा चहा कमी करावा.

झोप उडालेलीच राहिली तर केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र क्षणभरही न थांबता टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही शासकीय सेवा चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.