भाषा कशी येते? वाचकांचे प्रश्न

मातृभाषा आणि दुसरी भाषा आत्मसात करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू न्यू जर्सीत वाढतो आहे. त्याला मराठी सगळे समजते, पण उत्तर तो इंग्रजीतच देतो. दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो, म्हणून घरातही इंग्रजीच बोला, असे तिथे कोणीतरी सुनेला सुचवले आहे. हे खरे आहे का?
— एक आजी, पुणे

उत्तर : हा सल्ला मानू नये, असे प्रथमच स्पष्ट सांगतो. घरात दोन भाषा असल्यामुळे मुलाच्या वाचेत दोष निर्माण होतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी शब्द मिसळणारे मूल गोंधळलेले नसते. जो शब्द आधी आठवतो तो ते वापरते, आणि आपण मोठी माणसे तरी दुसरे काय करतो? अशा मुलाचा शब्दसंग्रह दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरून मोजावा लागतो. एकाच भाषेच्या यादीशी ताडून पाहिले, तर ते उगाचच मागे पडलेले दिसते. दोन्ही भाषा मिळूनही मूल वयाच्या मानाने फारच कमी बोलत असेल, तर मात्र श्रवणचाचणी करून घ्यावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. तेव्हाही घरातली मराठी बंद करण्याचे कारण नसते.

मुलाचे कान भाषेसाठी किती लवकर घडतात, हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आपल्याला जवळचा वाटेल. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकवले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. जो भेद घरात कानांवर पडत नाही, त्याकडे लक्ष देणे मूल वर्षभराच्या आतच सोडून देऊ लागते. आपल्या नातवाच्या कानांवर मराठी पडत राहिली आहे, त्यामुळे तो मराठी ‘न बोलणारा’ असला तरी मराठी ‘न येणारा’ नाही.

आपण दूर असल्याने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना काही बैठकांतून मँडरिन चिनी भाषा ऐकवली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, जिथे माणूस समोर बसून बाळाशी खेळत आणि बोलत होता तिथे बाळे चिनी ध्वनी ओळखायला शिकली. जिथे तसेच बोलणे केवळ चित्रफितीवरून दाखवले गेले तिथे काहीच शिकली नाहीत. मराठी बालगीतांच्या चित्रफिती लावून मुलाला समोर बसवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. व्हिडिओ कॉलचे तसे नाही. त्यात समोरची व्यक्ती मुलाच्या बोलण्याला त्याच क्षणी प्रतिसाद देते, आणि अशा संवादातून दोन-अडीच वर्षांची मुलेही नवे शब्द उचलतात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे.

नातू इंग्रजीत उत्तर देतो, कारण आपल्याला ते कळते हे त्याला पक्के ठाऊक आहे. इंग्रजी कळत नसल्याचे सोंग घेऊ नये. चार वर्षांचे मूल ते चटकन ओळखते. त्याने इंग्रजीत सांगितलेले वाक्य आपण सहज मराठीत म्हणावे आणि गप्पा पुढे न्याव्यात. सर्वांत उपयोगी पडेल ती सुट्टीत पुण्याला मराठीतच भांडणाऱ्या आणि खेळणाऱ्या मुलांची संगत. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा चालतात. लिपी आणि वाचन यांसाठी त्यांचा उपयोग आहेच. बोलण्याचा भार मात्र घरालाच उचलावा लागतो.

प्रश्न : मी मेळघाटात पहिलीच्या वर्गाला शिकवतो. मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ‘ती झाड’, ‘माझा पुस्तक’ अशा चुका रोज सुधारूनही पुन्हा होतात. पालकांनी घरी मराठी बोलावे, असे सांगावे का?
— एक शिक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : सांगू नये. ज्या भाषेत पालक स्वतः अडखळतात, ती त्यांनी घरात आणली तर मुलाला मोडकी मराठी मिळेल आणि भरघोस कोरकू मात्र हातची जाईल.

कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे. या भाषांत नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा असतो. मराठीप्रमाणे झाडाला एक लिंग, फांदीला दुसरे आणि पाल्याला तिसरे, असा प्रकार तिथे नाही. उलट, दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे, जे मराठीत नाही. म्हणजे आपले विद्यार्थी निष्काळजीपणे बोलत नसून, जो भेद त्यांच्या भाषेला कधी करावाच लागला नाही, तो नव्याने शिकत आहेत. मराठी घरातले तीन वर्षांचे मूलही ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. नियम त्याचा त्यानेच शोधलेला असतो. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनातील नियमांचा पुरावा असतो, हे पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडले आणि तेव्हापासून दुसरी भाषा शिकवण्याचा विचार बदलत गेला.

प्रत्येक वाक्याला टोकले, की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला सुधारणार तरी काय? प्रत्येक नवे नाम ‘ते झाड’, ‘ती फांदी’ असे जोडीनेच ऐकवावे, गोष्ट आधी कोरकूत सांगू द्यावी आणि मग मराठीत आणावी. आपणही थोडी कोरकू शिकावी. वर्गातला अवघडलेपणा त्याने जितका जातो तितका कशानेही जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

घाईही करू नये. कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास करताना जिम कमिन्स यांना असे आढळले, की बोलचालीची इंग्रजी मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गमित्रांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागतात. टोरांटोत शाळेबाहेरही इंग्रजी कानांवर पडते. आपल्या विद्यार्थ्यांना मराठी मुख्यतः शाळेतच ऐकू येत असेल, तर अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. दुसरीत पोहोचलेले मूल फाडफाड मराठी बोलते, म्हणून त्याला पुस्तकातील गणिताचे उदाहरण समजले असेल, असे धरून चालू नये.

प्रश्न : वय ५६. मुलीकडे बंगळूरुला राहायला जायचे आहे. आता कन्नड येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, उच्चारांत सातारा डोकावत राहील, इतकेच. लहान वयात सुरुवात करणारे अखेरीस पुढे जातात हे खरे, पण सुरुवातीचा वेग मोठ्यांचाच अधिक असतो. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८ सालच्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि प्रौढ पुढे होते आणि तीन ते पाच वर्षांची मुले चाचण्यांत सर्वांत मागे होती.

आपल्याला आयत्या मिळालेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम कन्नडमध्ये मराठीसारखाच आहे, ‘ळ’ आहे, आणि संस्कृतमधून आलेले शब्द जागोजागी भेटतील. लिंगव्यवस्था तर मराठीहून सोपी आहे : पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, वस्तू नपुंसकलिंगी. खरी अडचण ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ यांची येईल, कारण हा भेद मराठी कानाला नवा आहे. म्हणून लिपी पहिल्याच महिन्यात शिकून घ्यावी. तिथे या स्वरांना वेगळी अक्षरे आहेत. बंगळूरुत दुकानदार आपली अडचण ओळखून लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागतील, तेव्हा त्यांना ‘कन्नडमध्येच बोला’ अशी विनंती करावी, आणि ती विनंती कन्नडमध्ये कशी करायची, हे मुलीकडून आधीच पाठ करून ठेवावे.