‘मेला का जगला?’

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझं वय ५९, यजमानांचं ६४. मुलगा-सून जर्मनीत, श्टुटगार्टला असतात. एप्रिलमध्ये आम्ही नातीला बघायला गेलो होतो. म्युनिकला निघालो असताना उल्मच्या अलीकडे पुढे गाड्या तुंबल्या, म्हणून मुलाने गाडी हळू केली आणि मागून एक गाडी येऊन आदळली. पाऊस होता. आमची गाडी गरकन फिरून कठड्यावर गेली. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं. यजमानांच्या मानेचा मणका आणि चार बरगड्या. मुलगा, सून आणि साडेचार वर्षांची नात खरचटण्यावर निभावले.

एक ट्रकवाला धावत आला. तो यजमानांच्या मागच्या सीटवर शिरला आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याने हात काढले नाहीत. एक बाई नातीला गवतावर घेऊन बसली होती. दोघांची नावंसुद्धा विचारायची राहिली. मी त्या गवतावर बसूनच बोलले, की हे वाचले तर दत्ताच्या औदुंबरला पायी येईन.

आता आम्ही सांगलीत परतलोय. जाऊबाई म्हणतात, मोठी पूजा घाला, तीनशे माणसं जेवू घाला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘तुमची पुण्याई!’ यजमान उठून आत जातात. मागच्या गाडीतला मुलगा चोवीस वर्षांचा होता, तो गेला. हे परवा म्हणाले, ‘त्याची पुण्याई कमी पडली का?’ ते गाडीत बसत नाहीत, रात्री झोपत नाहीत. नात तिकडे खेळण्यातल्या गाड्यांच्या दोन रांगा लावते, मधे वाट सोडते, आणि हेलिकॉप्टर-हेलिकॉप्टर खेळते. सुनेला ते बघवत नाही. आम्ही या लोकांचे उपकार कसे फेडायचे? मुलगा म्हणतो, थोडे पैसे पाठवू.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, पैसे पाठवू नका. पेढेही नकोत. दुधाचे पदार्थ टपालाने युरोपात चालत नाहीत, तिकडचे कस्टमवाले ते फेकून देतील. पत्र पाठवा. का ते सांगते.

मी सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. उसाच्या हंगामात एका रात्री ट्रॅक्टरवाला एका जखमीला घेऊन आला. ट्रॉली रस्त्यातच सोडून, नुसत्या इंजिनावर, मांडीवर माणूस घेऊन. मोटरसायकलवाला होता, पायाचा चुराडा झालेला. ट्रॅक्टरवाला बीडकडचा, तोडणीच्या टोळीबरोबर आलेला. त्याला पोलिसांनी पहाटेपर्यंत बसवून ठेवलं, नाव-गाव लिहून घेतलं, तूच उडवलंस का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला आणि वॉचमनला म्हणाला, ‘मेला का जगला?’ नातेवाईक नसलेल्याला कोण सांगतंय? तिसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशीही आला. मी त्याला खिडकीतून बघत होते, ओळखत होते. हातात काम होतं, म्हटलं नंतर सांगू. हंगाम संपला, टोळी गेली. जखमी जगला. काठी घेऊन चालतो, मुलीचं लग्न केलं, मला बाजारात भेटतो तेव्हा हात जोडतो. माझ्यापुढे हात जोडून काय उपयोग? ज्याच्यापुढे जोडायचे त्याला आजही माहीत नाही.

तुमच्या ट्रकवाल्याचं तेच झालंय. हेलिकॉप्टर उडालं आणि त्याची गोष्ट तिथेच तुटली. तो पुढच्या गावी माल उतरवायला गेला असेल, आणि त्याच्या डोक्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस तसाच पडलेला असेल. त्याला कळवा.

कसं कळवायचं? अपघाताची पोलिसांत नोंद झालेली असणारच. मुलाला त्या ठाण्यात एक बंद पाकीट द्यायला सांगा आणि मदतीला आलेल्या ट्रकवाल्याकडे आणि बाईकडे ते पोचवावं, अशी विनंती करायला सांगा. पत्ते मागू नका, ते देणार नाहीत. पत्र तुम्ही मराठीत, हाताने लिहा. मुलाने त्याचं जर्मन करून सोबत जोडावं. ‘आभारी आहोत’वर भागवू नका. बरगड्या जुळल्या, मानेचा पट्टा कधी निघाला, हे आता स्वतःच्या हाताने चहा घेतात, असं सगळं लिहा. यजमान दारात उभे असलेला फोटो घाला. त्या बाईला नातीचं एखादं चित्र. आणि हेलिकॉप्टरच्या लोकांना विसरू नका, त्यांनाही पेशंट वॉर्डात गेल्यावर पुढचं फारसं कळत नाही. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

त्या ट्रकवाल्याने नेमकं काय केलं, हेही समजून घ्या, म्हणजे पत्र नीट लिहिता येईल. मानेचा मणका मोडलेला असताना मान वळली तर आतल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते आणि माणूस जन्मभर हातपाय हलवू शकत नाही. त्याने ती मान वळू दिली नाही. जर्मनीत गाडीचं लायसन्स हवं असेल तर प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागतो, पाऊण-पाऊण तासाचे नऊ तास. तो देवमाणूस होताच, पण शिकलेलाही होता. आपल्याकडे आधी हातपाय धरून रिक्षात कोंबतात आणि मग तोंडात पाणी ओततात. पाणी पाजू नका हो! श्वासनलिकेत जातं, आणि ऑपरेशन करायचं असेल तर भूल देणाऱ्याची पंचाईत होते. हे मी हजार वेळा सांगितलंय, आता हजार एकावी वेळ.

नातीचं खेळणं मला फार आवडलं. तिने बघितलंय ते बरोबर बघितलंय. तिकडे महामार्गावर गाड्या तुंबल्या की सगळ्यात डावीकडच्या रांगेने डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे, आणि मधे ॲम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी ठेवायची, असा कायदाच आहे. सुनेला सांगा, गाड्या काढून घेऊ नकोस, शेजारी बस. ती विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर दे. मुलं असंच खेळून खेळून पचवतात. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं सुरू झालं आणि थांबेना, तर मात्र तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता यजमान. ताई, त्यांचं बरोबर आहे. ‘पुण्याई’ हा शब्द बोलणाऱ्याला गोड लागतो, पण त्यात त्या मुलाच्या आईला काय मिळालं? ते कृतघ्न नाहीत, त्यांच्या मनात दोन्ही एकत्र आहे. स्वतः वाचल्याचा आनंद झाला की लगेच तो मुलगा आठवतो, मग आनंदाचीच लाज वाटते. कॅज्युअल्टीत एकाच अपघातातले दोघे आले आणि एकच गेला, की वाचलेला असाच भिंतीकडे तोंड करून पडायचा. आम्हाला वाटायचं, रुसलाय. तीनशे माणसांचं जेवण रद्द करा. जाऊबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा माझ्याकडे.

पण अपघात होऊन महिन्याच्या वर गेलं असेल आणि झोप नसेल, गाडीचं दार बघून घाम फुटत असेल, तर ते देवावर सोडू नका. मिरजेत डॉक्टर कमी नाहीत, मानसोपचाराचेही आहेत. ‘वेड लागलंय का मला’ म्हणतील. म्हणू द्या, आणि न्या. रिक्षातून न्या, गाडीचा हट्ट नको. सवय करायची असेल तर पहिल्यांदा बंद गाडीत नुसतं बसायचं, दारात उभ्या केलेल्या. मग गल्लीच्या टोकापर्यंत. पट्टा लावून.

नवस तुम्ही बोललात, तो फेडा. मी काही फार देवधर्मवाली नाही, पण न फेडलेला नवस रात्री टोचतो, हे मला ठाऊक आहे. फक्त मोडलेलं हाड घेऊन सांगलीपासून चालायला निघू नका. डॉक्टर हो म्हणाले की भिलवडीपर्यंत एसटीने जा आणि तिथून चाला. दत्तमहाराज किलोमीटर मोजत बसत नाहीत. पादुकांवर डोकं ठेवाल तेव्हा त्या मुलाचंही नाव घ्या. माहीत नसेल तर ‘तो’ म्हणा. यजमानांना बरोबर चला म्हणून गळ घालू नका, पण हे कानावर घाला. कदाचित येतील.

यजमानांना तिकडे रक्त चढवलं असेल, तर तेही कुणा अनोळख्याचंच. ते परत करायला जर्मनीला जावं लागत नाही. तुमच्या घरातल्या धडधाकट पुतण्या-भाच्यांना रक्तपेढीत पाठवा. वय अठरा ते पासष्ट, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. तीनशे माणसांच्या जेवणापेक्षा स्वस्त पडतं.

आणि रस्त्यावर कुणी पडलेला दिसला तर आता घाबरायचं कारण नाही, हे त्या पोरांना आवर्जून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. माझ्या ट्रॅक्टरवाल्याच्या वेळी हे नव्हतं.

२०१९च्या पुरात गावभागातून मला दोन पोरांनी होडीत घातलं. माझा चष्मा पाण्यात पडला होता, त्यांचे चेहरेही धड दिसले नाहीत. तेव्हा मी तुम्हाला शहाणपण शिकवतेय असं समजू नका. माझ्याकडे ठाण्यात द्यायला पाकीटसुद्धा नाही, तुमच्याकडे आहे. या आठवड्यात लिहा. आणि उत्तर आलं, तर तो ट्रकवाला काय म्हणाला ते मला कळवा.